एका सामन्यात बारा गोल: हा विक्रम किती मोठा?

जुने व्हिडिओ गेम खेळणारा कुणी ओळखीचा असेल, तर त्याच्या तोंडून असं एखादं वाक्य तुम्ही ऐकलं असेल: "काल हॉकीत एका सामन्यात बारा गोल मारले!" तो आनंदात असतो आणि आपल्याला प्रश्न पडतो. बारा म्हणजे खूप की थोडे? हे कौशल्य की नशीब? आणि मुळात पडद्यावरच्या खेळातल्या आकड्याला विक्रम म्हणायचं का?

हे प्रश्न योग्य आहेत. त्यांची उत्तरं शोधताना आकडेशास्त्रातल्या तीन-चार फार उपयोगी कल्पना हाताशी लागतात. त्यासाठी या प्रकरणात एकच गेम घेऊ आणि त्याच्यावरच सगळं तपासून पाहू.

१. खेळ कोणता?

गेमचं नाव 'एनएचएल ९४'. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने तो १९९३ मध्ये सेगा जेनेसिस आणि सुपर निन्टेंडो या यंत्रांसाठी बाजारात आणला. सेगाचं हेच यंत्र उत्तर अमेरिकेबाहेर 'मेगा ड्राइव्ह' या नावाने विकलं गेलं. एनएचएल म्हणजे अमेरिका आणि कॅनडातली नॅशनल हॉकी लीग. ही बर्फावरची हॉकी आहे. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक बर्फावर उतरतात. सामना तीन सत्रांचा, प्रत्येक सत्र २० मिनिटांचं. खेळाडू दमतात, म्हणून पाऊण-एक मिनिटाने ताजी तुकडी आत येते आणि दमलेली बाहेर जाते. ही अदलाबदल सामनाभर चालू असते.

या गेममध्ये त्या काळातले सगळे २६ संघ खऱ्या नावांनिशी आणि खऱ्या खेळाडूंनिशी आहेत. १९९३ मध्येच लीगमध्ये आलेले अॅनाहाइम आणि फ्लोरिडा हे संघही त्यात आहेत. आधीच्या वर्षीच्या गेममध्ये मारामाऱ्या होत्या, त्या इथे काढून टाकल्या. नवीन काय आलं, तर 'वन-टायमर'. पासचं बटण दाबायचं आणि पक सहकाऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत फटक्याचं बटण दाबायचं. सहकारी पक अडवत बसत नाही, आल्या आल्या थेट गोलाकडे हाणतो. गोलरक्षक अजून पहिल्या खेळाडूच्या दिशेने तोंड करून उभा असतो आणि पक दुसऱ्या बाजूने जाळ्यात जातो. हे जमायला लागलं की हा गेम सोडवत नाही. डीटर रूली या वादकाने संघासंघाप्रमाणे निवडलेल्या ऑर्गनच्या धूनही त्यात आहेत. तीसेक वर्षं उलटली तरी लोक हा गेम खेळतात. कंपनीने २०२० मध्ये तो जुना गेम नव्या संघांसह पुन्हा काढला, तो काही उगाच नाही.

आपल्या कामाची गोष्ट अशी की सामना संपला की हा गेम पूर्ण हिशोब मांडतो: फटके किती, त्यातले गोल किती, वन-टायमर किती, धडका किती, पास किती पोहोचले, पक प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत किती वेळ होता. विक्रमांची आवड असणाऱ्याला याहून काय हवं?

२. अंशाआधी छेद पाहा

बारा हा आकडा अपूर्णांकाच्या वरचा भाग आहे, अंश. खाली छेद काय आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

या गेममध्ये सत्राची लांबी आपण ठरवतो. बहुतेक अनुभवी खेळाडू पाच मिनिटांचं सत्र निवडतात, म्हणजे सामना १५ मिनिटांचा. खरा सामना ६० मिनिटांचा. १५ मिनिटांत संघाचे बारा गोल झाले तर ६० मिनिटांच्या हिशोबाने ते ४८ होतात. खऱ्या लीगमध्ये १९९२-९३ च्या हंगामात दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी सव्वासात गोल होत होते, म्हणजे एका संघाचे साडेतीनच्या जरा वर. तेव्हा ४८ हा आकडा खऱ्या हॉकीचा नाहीच. गेममध्ये गोल सोपे आहेत, एवढं पहिल्याच भागाकारात कळतं.

एका खेळाडूचा हिशोब मात्र असा सरळ नसतो. समजा, तुमच्या एका आक्रमकाने १५ मिनिटांत पाच गोल केले. चारने गुणून 'खऱ्या सामन्यात वीस गोल' म्हणायचं का? नाही. गेममध्ये तुकड्यांची अदलाबदल बंद करून ठेवता येते. तशी ठेवली तर तुमचा आवडता खेळाडू पूर्ण १५ मिनिटं बर्फावर राहतो आणि दमत नाही. खऱ्या सामन्यातला नावाजलेला आक्रमक ६० पैकी सुमारे २० मिनिटंच बर्फावर असतो. त्यामुळे खरी तुलना १५ मिनिटांची २० मिनिटांशी. पाच गोल १५ मिनिटांत, तर २० मिनिटांत पावणेसातच्या आसपास.

आता एनएचएलचा विक्रम पाहा. एका सामन्यात एका खेळाडूचे सर्वाधिक गोल सात. ३१ जानेवारी १९२० रोजी क्वेबेकच्या जो मलोनने ते केले आणि शंभरहून जास्त वर्षांत ते कुणी ओलांडले नाहीत. चारने गुणलं असतं तर तुमचे पाच गोल मलोनच्या जवळजवळ तिप्पट ठरले असते. बर्फावरची मिनिटं धरली, तर २० मिनिटं खेळणाऱ्या आजच्या आक्रमकाने मलोनच्या विक्रमाला हात लावावा, इतपत ते भरतात. मलोनच्या काळात मात्र मुख्य खेळाडू जवळजवळ पूर्ण सामना खेळत. म्हणजे त्याचे सात गोल तासाभराच्या खेळातले होते. छेद नीट निवडणं हे आकडेमोडीतलं सर्वांत अवघड काम आहे आणि बहुतेक वाद तिथेच अडकलेले असतात.

३. शितावरून भाताची परीक्षा कधी चालत नाही

दुसरा लोकप्रिय आकडा म्हणजे अचूकता. दहा फटके, पाच गोल, म्हणून "माझी अचूकता पन्नास टक्के." असं म्हणायचं का?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. हॉकीतले फटके तसे नसतात. एक दुरून, एक समोरून, एक गोलरक्षक पडलेला असताना. दहा फटक्यांवरून खेळाडू जोखायचा म्हणजे दहा वेगवेगळ्या भांड्यांतली दहा शितं चाखण्यासारखं आहे.

आकड्यात पाहू. समजा, एखाद्याची खरी, दीर्घकाळची अचूकता ३० टक्केच आहे. त्याने दहा फटके मारले तर निव्वळ योगायोगाने पाच किंवा जास्त गोल होण्याची शक्यता सुमारे १५ टक्के आहे. म्हणजे साधारण दर सात सामन्यांत एकदा तो 'पन्नास टक्केवाला' दिसेल. त्याच माणसाने शंभर फटके मारले तर पन्नास किंवा जास्त गोल होणं इतकं दुर्मिळ आहे की हजारो वेळा करून पाहिलं तरी एखाद्या वेळी दिसेल न दिसेल. नमुना दहापट झाला आणि योगायोग जवळजवळ संपला.

म्हणून टक्केवारीचा विक्रम नोंदवताना किमान फटक्यांची अट हवी. खऱ्या खेळांतही सरासरीच्या यादीत येण्यासाठी किमान डावांची किंवा फटक्यांची अट असते, ती याच कारणाने.

४. नशिबाचा वाटा किती?

आता मूळ बारा गोलांकडे येऊ. समजा, तुमची सरासरी सामन्याला चार गोलांची आहे. १५ मिनिटं म्हणजे ९०० सेकंद. ९०० सेकंदांत चार गोल, म्हणजे कुठल्याही एका सेकंदात गोल होण्याची शक्यता २२५ मध्ये एक. हे गोल एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर कधी ते दाटीवाटीने येतील आणि कधी येणारच नाहीत. असे विखुरलेले प्रसंग मोजण्याची रीत सिमेआँ प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात दिली. तिची सिद्धता बाजूला ठेवू, उत्तरं मात्र पाहण्यासारखी आहेत.

सरासरी चार असली तरी बरोबर चार गोलांचे सामने शंभरात वीसही भरत नाहीत. एकही गोल न होणं साधारण ५५ सामन्यांत एकदा घडतं. आठ किंवा जास्त गोल, वीस सामन्यांत एकदा. दहा किंवा जास्त, सव्वाशे सामन्यांत एकदा. आणि बारा किंवा जास्त, सुमारे ११०० सामन्यांत एकदा.

याचा अर्थ असा की ज्या संध्याकाळी तुम्ही कोरे राहिलात, त्या संध्याकाळी तुमचा हात बिघडला होता असं मानायचं कारण नाही. आठ झाले म्हणून हात सुधारला असंही नाही. बारा मात्र वेगळे. चार सरासरीच्या माणसाने पहिल्या वीस-पंचवीस सामन्यांतच बारा गोल केले असतील तर निव्वळ नशीब हे कारण पटण्यासारखं नाही. एक तर त्याची खरी सरासरी चारपेक्षा बरीच जास्त आहे, किंवा त्या दिवशी समोरचा प्रतिस्पर्धी कच्चा होता.

यात एक भर. हा गेम प्रत्येक सामन्याआधी खेळाडूंच्या गुणांत थोडा चढउतार करतो. कुणी त्या दिवशी 'गरम' असतो, कुणी 'थंड'. त्यामुळे टोकाचे सामने वरच्या हिशोबापेक्षा थोडे जास्त वेळा येतात. विक्रमाच्या शोधात असलेल्याने सामन्याआधी आपला मुख्य खेळाडू गरम आहे का हे पाहावं. ही फसवणूक नाही, पण नोंदीत ते लिहिलेलं असावं.

५. जितके सामने, तितका मोठा विक्रम

"मी याच्यापेक्षा चांगला आहे, माझा विक्रम मोठा आहे." हे विधान ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा: तू किती सामने खेळलास?

वरच्याच उदाहरणात दहा गोलांची शक्यता सव्वाशे सामन्यांत एकदा. दहा सामने खेळणाऱ्याला तसा सामना बहुधा दिसणारच नाही. शंभर खेळणाऱ्याला एकदा तरी दिसण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. दोघांचं कौशल्य तंतोतंत सारखं, तरी एकाच्या वहीत दहा गोल आणि दुसऱ्याच्या वहीत आठ. सर्वोच्च आकडा हा कौशल्याबरोबर चिकाटीही मोजत असतो. सरासरी तसं करत नाही.

यातूनच मला फार आवडणारा एक निकाल निघतो. समजा, तुमचं कौशल्य वाढत नाही आणि कमीही होत नाही. मग पहिला सामना अर्थातच तुमचा विक्रम. दुसरा सामना पहिल्याहून सरस ठरण्याची शक्यता निम्मी. तिसरा पहिल्या तिघांत सर्वोत्तम ठरण्याची शक्यता एक तृतीयांश, कारण तिघांपैकी कुणीही सर्वोत्तम असू शकतो. दहावा, एक दशांश. या सगळ्या शक्यतांची बेरीज केली की विक्रम किती वेळा मोडेल याचा अंदाज मिळतो. दहा सामन्यांत सुमारे तीन वेळा. शंभर सामन्यांत सुमारे पाच. हजार सामन्यांत साडेसात! पहिल्या दहा सामन्यांत तीन विक्रम आणि नंतरच्या ९९० सामन्यांत मिळून जेमतेम साडेचार.

गोल पूर्णांकांत मोजतात आणि बरोबरी होत राहते, म्हणून प्रत्यक्षात ही संख्या आणखी कमी भरते. सुरुवातीला रोज विक्रम होतात आणि मग महिनोन्महिने काहीच होत नाही, याने कित्येक खेळाडू खट्टू होतात. त्यात खट्टू होण्यासारखं काही नाही, गणितच तसं आहे. उलट, शंभर सामन्यांत तुमच्या वहीत दहा-बारा विक्रम दिसत असतील तर तुम्ही खरोखर सुधारत आहात. सुधारणा ओळखायची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

६. समोर कोण होतं?

भारतीय वाचकाला हॉकीतला एक आकडा पाठ असतो. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं. रूपसिंग यांचे दहा गोल, ध्यानचंद यांचे आठ. त्या स्पर्धेत हॉकीचे संघ तीनच होते: भारत, जपान आणि अमेरिका. जपानविरुद्ध भारताचा निकाल ११-१ होता. भारताची थोरवी दोन्ही सामन्यांत दिसते. पण २४ आणि ११ यांच्यातला फरक भारताने निर्माण केलेला नाही, तो प्रतिस्पर्ध्यांमधला फरक आहे.

व्हिडिओ गेममध्ये हा फरक आणखी तीव्र होतो, कारण यंत्राचा गोलरक्षक शिकत नाही. 'एनएचएल ९४' मध्ये पक घेऊन गोलासमोरून आडवं घसरत जायचं, गोलरक्षक आपल्याबरोबर सरकतो, आणि शेवटच्या क्षणी पक उलट्या कोपऱ्यात सोडायचा. हातात बसली की ही युक्ती यंत्राविरुद्ध पुन्हा पुन्हा चालते. माणूस समोर असेल तर तो दुसऱ्यांदा फसला तरी तिसऱ्यांदा गोलरक्षक स्वतःच्या हातात घेतो आणि तो कोपरा बंद करतो. म्हणून यंत्राविरुद्धचे विक्रम आणि माणसाविरुद्धचे विक्रम वेगवेगळ्या पानांवर लिहायला हवेत. माझ्या मते माणसाविरुद्धचे पाच गोल यंत्राविरुद्धच्या बारापेक्षा मोठे.

संघाची निवडही तितकीच महत्त्वाची. शिकागोच्या जेरेमी रोनिकने १९९२-९३ मध्ये खऱ्या लीगमध्ये ५० गोल केले होते. तो उत्तम खेळाडू होताच, पण या गेममध्ये तो इतका जबरदस्त ठरला की त्याची ख्याती गेमच्या ख्यातीत मिसळून गेली. सेगाच्या आवृत्तीत आणखी एक गंमत आहे. धडकेच्या वेळी वजनाचा हिशोब उलटा लागतो, त्यामुळे हलका खेळाडू भारी खेळाडूला सहज आडवा करतो. सुपर निन्टेंडोच्या आवृत्तीचा खेळ वेगळा आहे. धडकांचा विक्रम सांगताना यंत्राचं नाव सांगितलं नाही तर तो आकडा अर्धवट राहतो.

७. न बदलणारं मैदान

खऱ्या खेळात वेगवेगळ्या काळातले विक्रम एकाच मापाने मोजता येत नाहीत. वेन ग्रेट्स्कीने १९८१-८२ च्या हंगामात ८० सामन्यांत ९२ गोल केले. तो विक्रम अजून अबाधित आहे. पण त्या हंगामात सामन्याला सरासरी सुमारे आठ गोल होत होते. २००३-०४ पर्यंत ही सरासरी पाचच्या जेमतेम वर आली. गोलरक्षकांचं तंत्र सुधारलं, त्यांचे पॅड मोठे झाले, मधल्या पट्ट्यात सापळा लावून प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची पद्धत रूढ झाली. गोलांच्या त्या दुष्काळाच्या प्रमाणात ९२ गोलांचं रूपांतर केलं तर सुमारे ५९ होतात. २००३-०४ मध्ये सर्वाधिक गोल किती होते? ४१, आणि तेही तिघांचे सारखे. म्हणजे पूर्ण वजावट करूनही ग्रेट्स्की खूप पुढे राहतो. काळाची वजावट केली म्हणून विक्रम लहान होतोच असं नाही. कधी कधी तो त्यानेच सिद्ध होतो.

जुन्या गेममध्ये ही वजावट लागत नाही, आणि मला त्याचं मोल इथेच वाटतं. कॅसेटमधली आज्ञावली १९९३ मध्ये गोठली. रोनिकचा वेग तोच, गोलरक्षकाची चूक तीच, बर्फाची लांबी-रुंदी तीच. १९९४ मध्ये एखाद्या मुलाने केलेला गोल आणि आज त्याच्या मुलीने केलेला गोल एकाच मापाने मोजता येतात. नियम, साधनं आणि प्रतिस्पर्धी तीस वर्षं जसेच्या तसे ठेवणं कुठल्याही खऱ्या मैदानावर शक्य झालेलं नाही.

अट एकच, यंत्रही तेच हवं. नवे सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतात, त्यात क्षणाचा उशीर होतो. वन-टायमरसारख्या क्षणावर बेतलेल्या फटक्याला तो उशीर नडतो. युरोपातली जुनी यंत्रं सेकंदाला ५० चित्रं दाखवत, अमेरिकेतली ६०. त्यामुळे अनेक गेम तिकडे एक षष्ठांशाने संथ चालत.

८. पुरावा

विक्रमांच्या नोंदी ठेवायचं काम व्हिडिओ गेमच्या जगात फार लवकर सुरू झालं. आयोवा राज्यातल्या ऑटमवा गावी वॉल्टर डे यांनी १९८१ मध्ये 'ट्विन गॅलक्सीज' नावाचं गेमघर काढलं आणि पुढच्या काळात तिथूनच देशभरातले विक्रम नोंदवले जाऊ लागले. त्या नोंदींतलं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. 'ड्रॅगस्टर' हा १९८० चा मोटारशर्यतीचा गेम. त्यातला ५.५१ सेकंदांचा विक्रम १९८२ पासून मान्य होता. पुढे अभ्यासकांनी गेमची आज्ञावली ओळीनं ओळ तपासली, बटणं दाबण्याच्या शक्यता संगणकावर चालवून पाहिल्या, आणि ५.५७ सेकंदांपेक्षा कमी वेळ या गेममध्ये निघू शकत नाही असं आढळलं. जानेवारी २०१८ मध्ये तो विक्रम रद्द झाला. गिनीजनेही तो काढून टाकला.

खऱ्या शर्यतीत माणूस जास्तीत जास्त किती वेगाने धावू शकतो हे कुणी सिद्ध करू शकत नाही. व्हिडिओ गेमला मात्र सीमा असते, आणि ती शोधता येते. म्हणूनच गेममधल्या विक्रमाला मी बेधडक विक्रम म्हणतो. तो तपासता येतो.

तुम्हाला तुमचा विक्रम टिकवायचा असेल तर गोलांच्या आकड्याशेजारी पाच गोष्टी लिहा: कोणतं यंत्र, सत्र किती मिनिटांचं, तुकड्यांची अदलाबदल आणि दंड चालू होते की बंद, समोर माणूस होता की यंत्र, आणि हा तुमचा कितवा सामना. आणि घरात या गेमची सेगावरची जुनी कॅसेट असेल तर एक काम आजच करा. त्यातल्या नोंदी एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर टिकून असतात. ती बॅटरी संपली किंवा बदलायला काढली की सगळे विक्रम पुसले जातात. कॅसेट उघडण्याआधी गेम सुरू करा आणि नोंदींच्या प्रत्येक पडद्याचा फोटो काढून ठेवा.